मुदतीबाहेर

करार ऑगस्टमध्ये संपला.
आता फेब्रुवारी चालू आहे, आणि गोचा
अजून माझ्याच निळ्या किटलीत चहा उकळतो.

तिब्लिसीला, ग्लदानी वस्तीत, आठवा मजला.
लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
दोन खोल्या, आणि काच लावून बंद केलेली बाल्कनी,
जिचं कर्ज फेडायला मी इटलीत आले
आणि फेडून झालं तरी राहिले.

फोनवर तो अगदी आदबीनं बोलतो.
“नानुली मावशी, एकदा समोर येऊन सांगा,
लगेच उठतो.”
त्याला ठाऊक आहे.
अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे
की माझा इथला परवाना
त्याच्या कराराच्याही आधी संपला.
एकदा निघाले की परतीचं दार बंद,
आणि लेकीची दातांची डॉक्टरकी
अजून दोन वर्षं बाकी.

म्हणजे मुदतीबाहेर आम्ही दोघंही.
फरक एवढाच की मी भाडं चुकतं करते:
पहाटे पाचला उठून,
दुसऱ्याच्या आईची चादर बदलून.

बारी शहर. सिन्योरा इम्माकोलाताच्या पलंगाशेजारी
माझी घडीची खाट.
बाई रोज सकाळी विचारतात,
“तू कोण? आणि जाणार कधी?”
मी म्हणते, “गुरुवारी.”
गुरुवारी दुपारी मला सुट्टी असते.

अशाच एका गुरुवारी वकिलातीत गेले.
बसमध्ये तिकीट तपासनीस चढला
तेव्हा तिकीट हातात असूनही
तळवा ओला झाला.
शिक्का बसला. एतेरीच्या नावे मुखत्यारपत्र.
एतेरी शेजारीण, शाळेत रसायनशास्त्र शिकवायची,
कोर्टातल्या कारकुनाशीसुद्धा
त्याची वही तपासत असल्यासारखी बोलते.
सहा चकरा, एक हुकूम.
हुकमात माझं नाव पूर्ण लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट.
किती दिवसांनी पाहिलं ते.
इथे मी नुसती नाना.

काल सकाळी ती गेली, कुलूपवाला घेऊन.
फोन छातीशी धरलेला, कॅमेरा चालू.
आधी तिच्या कोटाचं बटण दिसलं,
मग दार,
मग माझी भिंत. कुणी हिरवी केली?
मग धक्के खात आतली खोली:
अक्रोडाचा पलंग, माझ्या बाळंतपणाचा,
आणि त्याच्यावर एक म्हातारी
भिंतीकडे तोंड करून.

“गोचाची आई,” एतेरी हळूच म्हणाली.
“नोव्हेंबरपासून. आपल्याला सांगितलंच नाही त्यानं.”

रागावायला हवं होतं. रागावलेही.
लबाड, म्हटलं, ओसरी मागून माजघरात शिरला,
वर आईला आडवी टाकली दारात
उंबऱ्यावर दगड ठेवावा तशी.
एवढं मनात म्हणून होईतो
डोळ्यांनी मात्र आपलं काम सुरू केलं होतं.

टाच गादीला टेकलेली.
माकडहाडापाशी चादर डागाळलेली, पिवळट.
पाठीमागे उशी नाही. गुडघ्यांत नाही.

“एतेरी, फोन त्याच्याकडे दे.
ऐक रे. तिला असं ठेवू नकोस.
दर दोन तासांनी कूस.
ओढायचं नाही, चादरीसकट वळवायचं.
टाचा अधांतरी राहू देत.
पावडर नको, कोमट पाणी, आणि वारा लागू दे.
नाही, तसं नाही. हात खाली घाल. आणखी खाली.”

तो करत होता.
कुलूपवाला चौकटीला टेकून,
हातात पाना, नजर खाली.
म्हातारीनं वळताना एकदा
कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि कुणीतरी पाहुणी आलीय
असं वाटून
डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

“मावशी,” गोचा म्हणाला.
मी म्हटलं, “पुढचं बोलू नकोस.”

नोटीस मी मागे घेतलेली नाही.
एतेरी विचारते, हुकमाचं काय करू, तारीख तरी सांग.
कुलूपवाल्यानं यायचे पैसे घेतले, कुलूप बदललं नाही.
भाडं बुडालंय सहा महिन्यांचं. तो आकडा
मी रोज रात्री मनात फिरवते, तो काही लहान होत नाही.

पलीकडे सिन्योरा जागी झाली.
दोन वाजलेत, तिची कूस बदलायची वेळ.
अंधारात विचारते, “तू कोण?”

आज वार कुठला,
मला चटकन आठवत नाही.