गायमुखचा चढ

एक हजार एकोणनव्वद सीसी, हे म्हणायचे,
आणि छातीवर हात ठेवायचे,
इंजिन तिथंच बसवल्यासारखा.
सातशे शहाण्णव, माझा भाऊ अच्युत म्हणायचा,
पण वजन बघा ना, दाजी. साडेसहाशे किलो.
तुमची पद्मिनी नऊशेच्या घरात,
निम्मं पेट्रोल स्वतःलाच ओढण्यात जातं बिचारीचं.

अच्युत बोटीवरून सुट्टीला आला की दर रविवारी,
पाचपाखाडीत, पोहे गार होईपर्यंत.
चार सिलिंडर की तीन.
मागची चाकं ढकलतात ते खरं, की पुढची ओढतात ते.
एकदा जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानावर
पट्टी घेऊन रकाने आखले:
ताकद. वळणाचा घेर. डिकी. लिटरला किती.
मी तिसऱ्यांदा आधण ठेवलं.

त्या तक्त्यात हे नव्हतं
की उभी पद्मिनी वळवताना
बांगडी मनगटात रुतते.
आणि मारुतीच्या शेजारून ट्रक गेला
की सगळी गाडी दचकते,
मोलकरणीच्या पोरीसारखी.

कारण गाड्या मीच चालवायची. दोन्ही.
ह्यांचा डावा पाय वागळे इस्टेटीत प्रेसखाली गेलेला,
क्लच दाबणार कशानं?
अच्युत आठ महिने समुद्रावर,
त्याची मारुती आमच्या दारात,
बॅटरी उतरू नये म्हणून फिरवायची.
त्रेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं मी.
कुणी विचारलं नाही, तुला कुठली बरी वाटते.

मार्गशीर्षातला गुरुवार, पहाटेचे पाच.
उपास होता. मागच्या सीटवर कोलमची पंचवीस किलोची गोणी,
मनगटावर ह्यांचं एचएमटी.
घोडबंदर रोड तेव्हा अरुंद, खाडीचा वास थेट काचेत.
वळणावरच्या शेंदरी मारुतीपासून
वर, घाटाच्या पिवळ्या बोर्डापर्यंत.
पद्मिनी तिसऱ्यात गुदमरली,
स्टिअरिंगखालचा दांडा खेचून दुसऱ्यात घातली,
मग कण्हत, पण न थांबता चढली.
पुढच्या गुरुवारी मारुती. तोच रस्ता, तीच गोणी.
ती तिसऱ्यातच पोचली, टणाटण उडत,
आणि वर गेल्यावर काहीच झालं नसल्यासारखी उभी राहिली.

अकरा सेकंद.

मी गोणी घरात घेतली, कहाणी वाचली,
कुणाला काही बोलले नाही.

हे मात्र पेट्रोलची वही लिहायचे.
तारीख, लिटर, काट्यावरचा आकडा, रोजच्या रोज.
वर्षभरानं कपाट आवरताना हाती आली.
त्या गुरुवारासमोर: सव्वीस किमी जास्त.
पुढे "कुठे?" लिहून खोडलेलं.
त्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: "घाट".
आठ दिवसांनी पुन्हा: "आज त्याची नेली".

तेव्हा कुठे लक्षात आलं,
त्या डिसेंबरनंतर ह्यांच्या तोंडी
सीसी आला नव्हता, ताकद आली नव्हती.
अच्युत चिडवायचा, काय दाजी, हरलात का?
हे बशीत चहा ओतत म्हणायचे,
ते सोड रे. डिकी बघ, डिकी.