तिसऱ्या खंडातली बहीण

मुरोरानला रात्री भट्टीचा धूर दिसत नाही,
नुसता वास येतो.
किवाकोबाई कंट्रोलर उलटा धरतात,
भाचा न बोलता सुलटा करून देतो.

पडद्यावर त्यांचंच इस्पितळ.
पाच खंडांत दिवे किती, कधी लिहिलंच नव्हतं.
कुण्या पोरानं मोजून लावलेत.

दोन गोळ्या. अर्धी बॅटरी.
कपाटात नात्सुए, श्वास दाबून.
तिसऱ्या खंडात, पान एकशे बारा,
एका ओळीत मारली होती तिला;
संपादकाला घाई होती.

ते पाय ओढत येतंय.
"मावशी, पळा!"
त्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहतात.

लाल पडदा. पुन्हा सुरू करायचं?

चष्मा पुसत त्या विचारतात,
"आधी सांग, हे दार
आतून उघडतं का रे?"