सपाट रेघ

वान्ताच्या प्रयोगशाळेत टेलेर्वो
भिंगाखाली बघते:
सिलिकॉनचा चिमुकला ठोकळा,
केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेला.
टेबलावर नुसता पडून असला
तरी वजन सांगत राहतो: एक, एक, एक.
हातातून सुटला की गप्प. शून्य.
मग फरशी.

बापाच्या मनगटावर तिनं असलाच एक बांधला होता.
सौनाच्या पायरीवर बर्फ होता.
"काही नाही गं, जरासा घसरलो,"
म्हणाला फोनवर, आणि मासळीच्या भावावर गेला.

आलेख ती दोनदा मोठा करते.
कड्यासारख्या शिखराकडे बघत नाही,
त्याआधीच्या रेघेवर बोट ठेवते:
पाव सेकंद,
ज्यात त्याच्यावर कशाचाच भार नव्हता,
तिचासुद्धा.