प्रकरण चौथे

पुस्तक रावपुऱ्यातून आणलं होतं,
दोनशे ऐंशी रुपये, वर दहा टक्के सूट.
समूह कसा सांभाळावा. प्रकरणं अकरा,
मागच्या पानावर हाताची घडी घालून हसणारा लेखक.
मी बँकेतून निवृत्त झालेली बाई,
नियम दिसले की मला बरं वाटतं.
कुकरच्या शिट्ट्या मोजत, पेन्सिलीनं रेघा मारत
आठवड्यात वाचून काढलं.

सोसायटीच्या ग्रुपवर एकशे त्रेचाळीस जण.
अर्धे मराठी, अर्धे गुजराती,
भांडताना सगळे हिंदीत.
पाण्याची टाकी, पार्किंग, कुत्र्यांना पोळी कोण घालतं,
आणि रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी
वामनराव फणसे यांचा गुलाब.
दवाच्या थेंबांसकट. खाली सुविचार,
सुविचारात शुद्धलेखनाच्या दोन चुका.

प्रकरण चौथे : अनावश्यक मजकूर.
आधी विनंती, मग सूचना, मग कारवाई.
विनंतीवर त्यांनी गुलाब पाठवला.
सूचनेवर दोन.
गुरुवारी रात्री मी कारवाई केली.
बोट टेकवलं, नाव गेलं.
इतकं सोपं असतं ते,
हे काही पुस्तकात म्हटलं नव्हतं.

सोमवारी आजव्याचे दरवाजे उघडले.
रात्री अडीचला विश्वामित्री गेटातून आत आली,
वॉचमनच्या वहीत नोंद न करता.
पार्किंगच्या वादाचा निकाल लागला,
सगळ्यांच्या गाड्या सारख्याच बुडाल्या.
ग्रुपवर निरोपांची झुंबड.
मगर दिसली. मगर नाही, टायर आहे.
टायर नव्हे हो, मगरच, हलली आत्ता.
दूध कोणाकडे. कोकिळाबेनचं इन्सुलिन, बर्फ आहे का बर्फ.
अफवांचं प्रकरण नववं, इतकं आठवत होतं.
पण वीज नव्हती,
पुस्तक शोधायला मेणबत्ती हवी होती
आणि मेणबत्ती मी डी-विंगला देऊन बसले होते.
मग लिहिलं :
मगरीचे फोटो नकोत. घर नंबर लिहा, आणि काय हवं ते.
बस.
हे कुठल्या प्रकरणात होतं?
नसावंच.

उजाडता उजाडता मितुलनं विचारलं,
“काकानुं गुलाब केम नथी आव्युं?”
मग तिसऱ्या मजल्यावरून कोणी,
मग सक्सेना, मग कोकिळाबेन स्वतः :
खरंच की, चार दिवस झाले.
ज्याला कधी कोणी साधा अंगठा दाखवला नाही
त्या गुलाबाची
एकशे बेचाळीस जण रोज हजेरी घेत होते.

मी टाइप केलं, पुसलं.
टाइप केलं, पुसलं.
मग तसंच जाऊ दिलं :
मीच काढलं त्यांना. घर तळमजल्यावर आहे. कोण जातं?

मितुल गेला, छातीइतक्या पाण्यातून,
कमरेला दोर बांधून.
जिन्यात उभे राहून दुसरं टोक
मी आणि सक्सेनांनी धरलं होतं.
दोर हातात काचतो, हेही तेव्हाच कळलं.

वामनराव स्वयंपाकाच्या ओट्यावर बसले होते,
पाय वर घेऊन,
मांडीवर बायकोचा फोटो,
फोन तांदळाच्या डब्यात.
माझ्या घरी आल्यावर म्हणाले,
“फोन रात्री चालू होता हो.
निरोप मात्र जाईना.
वाटलं, माझंच काही बटण चुकलं.”
मी चहात साखर घातली.
बहुतेक दोनदा घातली.

आता गुलाब येतो.
परवा नव्या भाडेकरूनं विचारलं, हे रोज असतं का?
म्हटलं, रोज.

पुस्तकही आहे अजून.
रद्दीत काढताना सहज उघडलं,
तर चौथ्या प्रकरणाच्या शेवटी, बारीक टाइपात :
काढण्यापूर्वी एकदा त्या व्यक्तीशी बोलावे.
त्याखाली पेन्सिलीची रेघ,
माझीच,
दोनदा ओढलेली.