विसर्ग

मी सिंचन भवनात असतो, दुसऱ्या मजल्यावर,
पावसाळाभर फोनपाशी.
खडकवासल्यातून किती क्युसेक, किती वाजता
ते लिहून देतो, आणि खाली नेहमीची ओळ :
नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.

कृत्तिकाची दुसरी संपत आली होती
तेव्हा शाळेतून पहिला फोन आला.
मग दुसरा.
मग फोन बंद झाले
आणि दप्तरातून एक पिशवी यायला लागली,
दोन गाठी मारलेली, घट्ट,
सोडवताना नखं दुखतील अशी.

मी काय केलं तेही लिहितो.
भिडे पुलावर स्कूटर थांबवून ओरडलो.
एवढी घोडी झालीस, म्हणालो,
सांगता येत नाही का वेळेवर?
लोक बघत होते.
ती कठड्यातून खाली बघत होती.
चैत्रातली मुठा, बघण्यासारखं काही नव्हतं.

खेळता खेळता ती मधेच खाली बसायची,
टाच अंगाखाली दाबून, बुटाची लेस बांधल्यासारखी.
आम्ही म्हणायचो, नाटकं.
तिच्या बुटांना लेस नव्हती.

पाण्याची बाटली सकाळी भरायची
ती संध्याकाळी तशीच परत.
प्यायचंच नाही, म्हणजे होणारच नाही.
सात वर्षांच्या मुलीचं हे नियोजन.
आमची पाणीकपातही इतकी कडक नसते.

टिळक रोडच्या गुर्जर मॅडमनी
आम्हा दोघांना काही विचारलंच नाही.
खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली :
लागली की कळतं का गं तुला?
"कळतं. पण तेव्हा झालेली असते."
घरी येताना तीन सिग्नल लागले.
तिन्ही सिग्नलला मला तेच ऐकू येत होतं.

आधी पोट साफ, मग बाकीचं, मॅडम म्हणाल्या.
पाणी भरपूर. हो, भरपूरच.
दर दोन तासांनी जायचं, लागो न लागो.
पायाखाली पाट. घाई नाही.
मग मान वर न करता, लिहिता लिहिता :
तुम्ही कुठे असता? सिंचन भवन?
मग तोंडाचा विसर्ग तेवढा कमी करा.
बायको हसली. तीन महिन्यांनी हसली.

पोंक्षे बाई म्हणाल्या, तासाला सोडलं
तर सगळा वर्गच उठतो.
मी चिठ्ठी ठेवली टेबलावर, वाद घातला नाही.
फक्त म्हटलं, मुलींची मोरी बघू का?
सफाईच्या मावशी पुढे झाल्या.
दार होतं. कडी नव्हती.
चार भोकं होती, गंजलेली.
"अर्ज दिलाय," मावशी म्हणाल्या,
"माझी नात इथे पहिलीत होती तेव्हा.
आता सहावीत आहे."

शनिवारी रविवार पेठेतून पितळी कडी आणली,
स्क्रू, हातड्रिल, जुनी पँट.
मावशींनी दार धरलं.
कडी खाली बसवली,
तिच्या खांद्याला येईल इतक्या उंचीवर.
आत जाऊन गुडघ्यावर बसून लावून बघितली.
लागते.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
गेल्या गुरुवारी पुन्हा पिशवी आली.
गाठ एकच होती.
मी काही बोललो नाही. ती म्हणाली,
"बाबा, आज चित्रकलेचा तास होता,
हत्ती अर्धा राहिला होता, म्हणून."
म्हटलं, दाखव हत्ती.
शेपूट नव्हती त्याला अजून.

तिच्या मनगटावरचं घड्याळ आवाज न करता थरथरतं,
नऊला, अकराला, एकला.
माझा फोनही मी त्याच वेळांना लावलाय.
परवा अकराला साहेबांची बैठक होती,
पानशेत भरत आलेलं, सगळे नकाशावर वाकलेले.
फोन थरथरला.
मी उठलो. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.
लागली नव्हती.
तरी गेलो,
कडी लावली,
आणि घाई केली नाही.