वेळेअभावी तहकूब

कॅमेरे चौदा. पैसे मंजूर. फक्त जागा ठरायच्या.
कुताइसीत नोव्हेंबर, साडेपाचलाच खिडक्या काळ्या.
मी नानुली, विद्यापीठाची इतिवृत्त लिहिणारी,
टेबलाच्या टोकाला, हीटरपासून सगळ्यांत लांब.

तिबिलिसीहून आलेल्या विक्रेत्यानं नकाशा पसरला,
निळ्या टाचण्यांची डबी उघडली.
टाचणी टोचली की तिथून
पंख्यासारखी उलगडायची फिकट निळी नजर.
"आंधळ्या जागा राहता कामा नयेत," तो म्हणाला.
मी लिहिले: आंधळ्या जागा नकोत.

मुख्य दरवाजा, एकमताने.
प्रयोगशाळा, जिथून दोन सूक्ष्मदर्शक पाय फुटून गेले, एकमताने.
वाहनतळ. रेवाजसाहेबांच्या गाडीवर दोनदा ओरखडे,
तेही एकमताने, जरा घाईनंच.

ग्रंथालयामागचं डाळिंबाचं झाड आलं तेव्हा
त्सिउरी म्हणाली, "तिथे नको.
नापास झालेली पोरं तिथे येऊन रडतात."
"मग रडण्यात लपवायचं काय?" साहेब हसले.
त्सिउरी हसली नाही.
तिच्या आजोबांची एक फाईल होती,
ती तिला वाचायला मिळाली पन्नाशी उलटल्यावर:
मंगळवार. घरी तीन पाहुणे.
अक्रोड फोडल्याचा आवाज. बोलणे ऐकू आले नाही.
हे मी लिहिले नाही.
इतिवृत्तात आजोबा बसत नाहीत.

मग उठली तेकले, मुलांची प्रतिनिधी, दुसरं वर्ष,
बाहीला खडू.
"वसतिगृहाकडे उतरणाऱ्या पायऱ्या. एकशे सोळा आहेत.
मोजत उतरते मी.
मोजत उतरलं की मागची पावलं
आपली नाहीत हे लगेच कळतं."

कोणी काही बोललं नाही. त्सिउरीसुद्धा.
टाचणी तेकलेनंच टोचली,
नकाशातून आरपार, लाकडात.

विक्रेता खाकरला. "तिथे उजेड नाही.
काळोखात हा बघणार तरी काय?"
दिवा? दिव्याचं शीर्ष वेगळं, विद्युत विभाग,
आणि त्यांचं वर्ष एप्रिलात उजाडतं.
मी लिहिले: कॅमेरा मंजूर. दिव्याबाबत पुढील सभेत.

जुम्बेरला आत बोलावलं, रात्रपाळीचा,
टोपी गुडघ्यावर, बुटांना राख.
"बॉयलरखोलीच्या खिडकीतून कोणी शिरत असेल का?"
"ती बंद असते, साहेब."

बंद नसते. किल्ल्यांच्या वहीवर
रोज त्याची सही घेते मीच.
स्वानेतीचा एक मुलगा तिथून आत उतरतो,
खोलीचं भाडं झेपत नाही म्हणून
गरम पाइपांना पाठ लावून झोपतो.
सोबत एक कुत्री, कानात पिवळा बिल्ला.
मी लिहिले: खिडकी बंद असते.
पेन "बंद"पाशी जरा अडलं.

तेरा झाले.
चौदावी टाचणी साहेबांच्या चिमटीत फिरत राहिली.
"ह्या खोलीत लावा की," तेकले म्हणाली.

हीटर टकटकला.
सगळ्यांना एकदमच घड्याळ दिसलं.
मी लिहिले: वेळेअभावी विषय तहकूब.

रात्री नऊला चष्म्यासाठी परत आले.
पायऱ्यांच्या मध्यावर शिडी,
शिडीवर जुम्बेर, खांबाच्या गंजक्या होल्डरमध्ये
बल्ब पिळत होता. लागेना, विझे, पुन्हा पेटे,
काजळी धरलेला पिवळा उजेड.

"कुठून आणलास?"
त्यानं हनुवटीनंच दाखवलं, खाली, बॉयलरखोली.
खिडकी आज मिट्ट काळी.
"पोराला म्हटलं, झोपायला दिवा कशाला लागतो?
तो म्हणाला, वाचायला लागतो.
मग मी गप्प बसलो. पण काढला."

मी शिडी धरली.
लोखंड इतकं गार की हात सोडवून घ्यावेत असं झालं.
वर तो पिळतच होता,
आणि त्याच्याही वरून, अंधारातून,
कोणीतरी मोजत उतरत होतं,
छप्पन्न, सत्तावन्न,
मग आमची चाहूल लागून
थांबलेलं.