अकरा फोटो

पुंजू आप्पा आले तेव्हा पिंपळनेरची लाइट गेली होती.
बाकावर बसले, टोपी मांडीवर,
फडक्यात गुंडाळलेला मोबाइल काढला,
नातीने दिलेला, काचेवर चरा गेलेला.
"चारशे सहा शेतस," म्हणाले. "अकरा छाप."

पांझरेकाठच्या फडाचे पाटकरी. एकोणतीस वर्षं
बारी उघडली, बारी लावली.
कोणाच्या उसाला किती, कोणाच्या गव्हाला कधी,
सगळं त्यांच्या पायांना पाठ.
नात हर्षाली डेल्फ्टला पाण्याचंच काही शिकते.
तिने तिकीट पाठवलं, आणि आप्पा
पंधरा दिवस हॉलंड पाहून परत आले,
एक निळी टाइल आणि सर्दी घेऊन.

लाइट आली. मी फोटो मोठे केले.
आधी ट्यूलिपची शेतं:
लाल सरी, पिवळी सरी, जांभळी सरी,
लग्नसराईत दुकानदाराने ठाण उलगडावेत तशी.
"हा छापू? भिंतीवर शोभेल."
"नको. त्यासले ना दाना, ना भाजी."

मग अ‍ॅमस्टरडॅम. उंच, अरुंद घरं,
ग्रुप फोटोत दाटीने उभ्या मावश्यांसारखी
खांद्याला खांदा लावून, किंचित पुढे झुकलेली,
प्रत्येकीच्या कपाळाशी सामान ओढायचा आकडा.
काचेच्या छपराची बोट. आप्पा कडेला, मफलर कानांवर.
हर्षाली म्हणे हसून बेजार झाली,
कारण त्यांनी बोटवाल्याला विचारलं,
"आज कोनी पायी शे?"
गावभर पाणी, आणि पाळी कोणाचीच नाही.
दोन रात्री त्यांना झोप नव्हती.

रॉटरडॅमची तिरकी पिवळी घरं. "नको. पडतीन."
गौडाच्या बाजारातली चीजची चाकं.
"चव बरी व्हती. पन नको."
म्युझियमच्या पायऱ्या, सायकलींचा डोंगर, पुन्हा सायकली.
"नको. नको. पुढे."

मग पवनचक्क्या, पाण्याकडेने ओळीत,
गवताने शाकारलेल्या.
मी म्हटलं, आपल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर
याहून उंच आहेत की.
आप्पा चिडले. पहिल्यांदाच.
"आपल्या वीज करतस. ह्या पानी उपसतस.
नको व्हयेल पानी, भो. बाहेर फेकाले."
बराच वेळ गप्प. मग कोणालाच नाही असं:
"कोनी बांध घालस पानी थांबो म्हनीसन,
कोनी घालस पानी येवो नही म्हनीसन."

निवडलेले मी ओळीने लावले.
एक पाट. एक झडप.
पाण्यात रोवलेली आकड्यांची पट्टी.
पुन्हा पाट. लाकडी फळीचं दार, जवळून.
तेच दार, अजून जवळून.
बदकं (ही चुकून).
पाणी-मंडळाच्या कचेरीची पाटी, तिच्यावर हर्षालीचं बोट:
इथे फक्त पाण्यासाठी वेगळं मतदान होतं, आप्पा.
आणखी दोन पाट, मला सारखेच दिसणारे.
"सारखे नही," आप्पा म्हणाले. "उतार दख."

अकरावा.
गुडघ्यापर्यंत बूट चढवलेला एक म्हातारा
लांब दांड्याच्या दाताळ्याने चरातलं शेवाळ ओढतोय.
कॅमेऱ्याकडे त्याचं लक्ष नाही.
आप्पा फोटोत नाहीत. काढलाय त्यांनीच,
म्हणून जरा हलला आहे.
"हाऊ दोन छाप."

दोन कशाला, मी विचारलं नाही.
त्यांच्या फडाला आता पाइप आलेत,
जुन्या पाटात बाभळी माजल्यात,
आणि आप्पांनंतर पाटकरी कोण झाला
हे आठवायला गेलो तर नाव येत नाही.

पैसे मोजताना, नोटांकडेच बघत, म्हणाले,
"त्यानी दाताळं उलटं धरेल व्हतं.
माले सांगता उनं नही."

टोपी घातली. रस्ता ओलांडला.
दुसरा फोटो काउंटरवर राहिला होता.
हाक मारायला दारापर्यंत गेलो,
आणि आप्पा मागे न बघताच
हाताने नको म्हणाले.